चमचाभर चिया आणि पोटाचा घेर

आपल्याकडे पोट सुटणे हे कधी आजाराचे लक्षण मानले गेले नाही. चाळिशी गाठलेल्या गृहस्थाच्या सदऱ्याचे खालचे बटण ताणू लागले, की नातेवाईक कौतुकाने म्हणत, "मानवले हो ह्यांना!" बारीक हातपाय आणि पुढे आलेले पोट ही खात्यापित्या घरची खूणच समजली जाई. आता डॉक्टरमंडळी त्याच पोटाभोवती टेप धरतात आणि आकडा पाहून गंभीर होतात. इकडे घरोघर पाण्यात फुगलेले करडे-काळे बी दिसू लागले आहे. त्याचे नाव चिया. ह्या बियांनी त्या पोटाचे काही भले होते काय, हे एकदा नीट पाहावे म्हणून हा लेखनप्रपंच.

पाचांपैकी तीन

आधी दुखणे समजून घेऊ. 'मेटाबॉलिक सिंड्रोम' हा एक रोग नव्हे, ती पाच दोषांची टोळी आहे. आपल्या लोकांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा अधिक, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी १५० किंवा अधिक, आणि एच. डी. एल. हे चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० व स्त्रियांत ५० पेक्षा कमी, असे हे पाच. ह्यांपैकी कोणतेही तीन एकत्र आले, की टोळी जमली म्हणावयाचे.

मौज अशी की, ह्यांतला एकही दोष दुखत नाही. साखर 'किंचित' वाढलेली असते, रक्तदाब 'थोडासा' चढलेला असतो, आणि आपण 'बघू पुढे' म्हणून कागद कपाटात ठेवून देतो. पण ही सगळी 'किंचित' मंडळी मिळून मधुमेहाची आणि हृदयविकाराची वाट तयार करीत असतात. ह्या सगळ्यांच्या मुळाशी शरीर इन्शुलिनला दाद देईनासे होणे हे कारण असावे, असे अमेरिकेतील डॉ. जेराल्ड रीव्हन ह्यांनी १९८८ साली मांडले, तेव्हापासून हा विषय पुढे आला.

"आम्ही तर सडपातळ!" असे म्हणून सुटका करून घेणाऱ्यांनी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन ह्यांची गोष्ट ऐकावी. २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात ह्या दोघांनी स्वतःचेच छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा साहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकरांची २१.२ टक्के! वजनकाट्यावर बारीक दिसणारा हिंदी माणूस आतून चरबीदार असू शकतो, हे ह्याहून सोपे करून कोण सांगणार?

मेक्सिकोचे जुने धान्य

चिया मूळचे मेक्सिको आणि ग्वाटेमालाकडचे. आपल्या तुळशी-पुदिन्याच्या कुळातले हे झुडूप. ॲझ्टेक लोकांच्या राज्यात मका, घेवडा आणि राजगिरा ह्यांच्याबरोबर चियाही राजधानीला खंडणी म्हणून जात असे. सोळाव्या शतकातील 'कोडेक्स मेंडोझा' ह्या चित्रमय हस्तलिखितात ह्या खंडणीच्या नोंदी आहेत. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी ती राजधानी जिंकली, पुढे गहू आला, आणि चिया मागे पडले. तरी लिंबाच्या सरबतात चिया घालून पिण्याची चाल मेक्सिकोत आजही आहे. आपल्याकडे म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेने ह्या पिकाच्या लागवडीला हात दिला, आणि आता ते इथल्या शेतातही पिकते.

दाण्यात आहे काय?

शंभर ग्रॅम चियात सुमारे ३४ ग्रॅम चोथा, १६ ग्रॅम प्रथिने आणि ३० ग्रॅम तेल असते. ह्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग ओमेगा-३ जातीचा. दाण्याभोवतीचा चोथा पाणी पिऊन बुळबुळीत होतो. हा बुळबुळीतपणाच कामाचा. त्याच्यामुळे अन्न जठरातून सावकाश पुढे सरकते, साखर रक्तात एकदम न चढता हळूहळू उतरते, आणि पोट भरल्यासारखे वाटते.

मात्र एका मोठ्या चमच्यात, म्हणजे सुमारे १२ ग्रॅममध्ये, चोथा चारच ग्रॅम असतो, आणि उष्मांक साठाच्या आसपास. म्हणजे जवळजवळ एक लहान फुलका पोटात गेला. हा हिशेब विसरता कामा नये.

प्रयोगांचा कौल

२००९ साली अमेरिकेत वजनदार मंडळींना बारा आठवडे रोज ५० ग्रॅम चिया दिले. बाकीचे जेवण आहे तसेच. वजन हलले नाही, रक्ताचे आकडेही हलले नाहीत. उलट टोरांटोमध्ये ७७ स्थूल मधुमेही लोकांना सहा महिने बेताचा आहार दिला. हा प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांत चिया खाणाऱ्यांचे वजन सरासरीने १.९ किलो उतरले, न खाणाऱ्यांचे अवघे ०.३ किलो. आणि खुद्द मेक्सिकोत, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, मेटाबॉलिक सिंड्रोम असलेल्या लोकांना कमी उष्मांकाच्या आहाराबरोबर सोयाबीन, ओट, नोपाल नावाचे निवडुंग आणि चिया असे मिश्रण दिले. दोन महिन्यांत वजन मिश्रण घेणाऱ्यांचे उतरले तसे न घेणाऱ्यांचेही उतरले. ट्रायग्लिसराइड मात्र मिश्रण घेणाऱ्यांचेच खाली आले. अर्थात तिथे श्रेय चौघांत वाटून द्यावे लागते.

तिन्ही प्रयोगांचे सार एका वाक्यात सांगता येईल. ताटातले काही काढून त्या जागी चिया आले, तर ते मदत करते. भरल्या ताटात वरून आले, तर फक्त भर पडते. चार चकल्या आणि दोन लाडू खाऊन वर चियाचे पाणी पिणे म्हणजे गळक्या बादलीला रंग देण्यासारखे आहे.

खावे कसे?

सुरुवात लहान चमच्याने करावी आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मोठ्या चमच्यावर यावे. एकदम फार खाल्ले, तर पोट फुगते. बी पेलाभर पाण्यात किंवा ताकात निदान अर्धा तास भिजवावे. कोरडे तोंडात टाकून वर पाणी पिऊ नये. २०१४ साली अमेरिकेत असे करणाऱ्या एका ३९ वर्षांच्या गृहस्थाच्या अन्ननलिकेत बी फुगून अडकले आणि डॉक्टरांना ते दुर्बिणीने सोडवावे लागले. गिळण्याचा त्रास असणाऱ्यांनी ह्या वाटेला जाऊच नये. मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा रक्त पातळ करण्याची औषधे चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारावे. आणि चमचा सुरू झाला म्हणून गोळी बंद, असला व्यवहार कदापि करू नये.

पुष्कळ घरी सब्जालाच चिया समजतात. फालुद्यातला सब्जा तुळशीचा, एकसारखा काळा, आणि पाण्यात पडताच फुगणारा. चियाच्या दाण्यावर करड्या-पांढऱ्या नक्षीची छटा असते आणि ते फुगायला वेळ घेते. दोघे एका कुळातले, पण भाऊ नव्हेत.

आणि ज्यांना चियाचा भाव परवडत नाही त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. आपल्या मराठवाडा-विदर्भातल्या जवसात ओमेगा-३ तेल चियापेक्षाही काकणभर जास्त आहे, आणि चोथाही भरपूर. जवस भाजून, कुटून, लसूण-मिरची घालून केलेली चटणी भाकरीबरोबर खाणाऱ्या आजीबाईंना मेक्सिकोचे नावही ठाऊक नव्हते. मीठ तेवढे बेताने घालावे म्हणजे झाले.

शेवटी एक विनंती. फराळाचे डबे उघडण्यापूर्वी शिवणाच्या डब्यातली टेप काढावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड ह्यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता घेर मोजावा. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा आकडा वहीत तारखेसह लिहावा. तो मर्यादेबाहेर असेल, तर साखर, रक्तदाब आणि चरबी तपासून घ्यावी. मग रोजच्या चहातली साखर, दुपारची बिस्किटे, परातभर भातातला एक वाढा, ह्यांपैकी काय कमी करावयाचे ते घरच्यांनी मिळून ठरवावे, आणि त्या रिकाम्या जागी चमचाभर चिया किंवा जवस बसवावे. रोज अर्धा तास पायी चालावे. पुढच्या दिवाळीला तीच वही पुन्हा उघडावी. वहीतला आकडा बोटभर जरी खाली आलेला दिसला, तरी ती दिवाळी घराला खऱ्या अर्थाने आरोग्याची गेली असे म्हणावे.