तेरच्या पांढरीत रोम

सोलापूरहून तुळजापूर, धाराशिव मागे टाकून पुढे गेलं की तेरणेच्या काठी तेर लागतं. आपण तिथे जातो ते गोरोबाकाकांच्या समाधीला. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याला हे गाव ठाऊक होतं, तेही मोठं शहर म्हणून! ‘पेरिप्लस’ या त्याच्या प्रवासवर्णनात भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर ‘तगर’. तगरचं जाडंभरडं कापड, तलम मलमल गाड्यांवर लादून, धड वाटही नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. तिथून जहाजानं पश्चिमेला. तगर म्हणजेच तेर.

इथल्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांवर पावसानं माती वाहून गेली की मणी, खापरं उघडी पडत. गावातले रामलिंगप्पा लामतुरे अशा वस्तू वर्षानुवर्षं गोळा करत राहिले. आज त्यांच्याच नावाच्या सरकारी संग्रहालयात त्या आहेत. त्यातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती जरा थांबून पाहा. वीतभरही नाही, पण दागिन्यांनी मढलेली. तिच्याच घडणीची मूर्ती 1938 साली इटलीत पाँपेईच्या एका घरात सापडली. ते शहर इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिथे पोचली होती. तिच्या डोक्यात वरून खाली छिद्र आहे; कुणी तिला आरशाची मूठ म्हणतात, कुणी फर्निचरचा पाय.

रोमनांनी आपल्या ताब्यातल्या ब्रिटनमध्ये खेडोपाडी हवेल्या बांधल्या, रंगीत खड्यांच्या नक्षीच्या फरशा घातल्या. तेरला तसलं काही नाही. इथे रोम आला तो हौस म्हणून. रोमन नाण्यांचे मातीचे ठसे करून ते गळ्यात घालायचे. सोन्याचं नाणं परवडत नसेल तर मातीचं! ही गोष्ट मला हस्तिदंतापेक्षाही बोलकी वाटते.

आणि ज्याच्या जिवावर हे सगळं चाललं, ते कापड? आपल्या दमट मातीत सूत टिकत नाही. पण तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके या इजिप्तच्या बंदरात, कोरड्या वाळूत, त्या काळच्या भारतीय सुती कापडाचे तुकडे शाबूत सापडले आहेत. त्यातलं एखादं तगरचं असेल का, हे चिंध्या सांगत नाहीत.

तेरला गेलात तर समाधीनंतर संग्रहालयासाठी तासभर ठेवा. आणि टेकाडावर एखादा मणी दिसलाच, तर खिशात घालू नका. जागा नीट दाखवून तो संग्रहालयात द्या. कुठल्या थरातला हे कळलं नाही, तर त्याचं वय सांगणं अवघड होऊन बसतं.