ठासणीची बंदूक व रॉकी पर्वतातील शिकारी

ठासणीची बंदूक व रॉकी पर्वतातील शिकारी : नळीच्या तोंडातून दारू व गोळी घालून ती गजाने ठासावयाच्या बंदुकीस ठासणीची बंदूक म्हणतात. उत्तर अमेरिकेच्या रॉकी पर्वतात सु. १८१० ते १८४० या काळात बीव्हर या प्राण्याच्या कातड्यांसाठी भटकणारे सापळेकरी या बंदुकीवर अन्न मिळवीत व स्वसंरक्षण करीत. त्यांना ‘मौंटन मेन’ म्हणजे पर्वतवासी असे नाव पडले. एका वेळी एकच बार काढणारे हे हत्यार आणि त्याच्या मर्यादांमुळे अंगी बाणवावी लागलेली वनविद्या यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

पार्श्वभूमी : ल्यूइस व क्लार्क यांच्या मोहिमेतील (१८०४–०६) जॉन कोल्टर हा परतीच्या वाटेवर मोहीम सोडून सापळे लावण्यासाठी पुन्हा पर्वतांकडे वळला. १८०७ मध्ये मॅन्युएल लिसा याने यलोस्टोन व बिगहॉर्न या नद्यांच्या संगमाजवळ व्यापारी ठाणे उभारले. १८२२ मध्ये विल्यम अ‍ॅश्ली व अँड्रू हेन्री यांनी सेंट लूइस येथे जाहिरात देऊन शंभर धाडसी तरुण मागविले. जेडेडाया स्मिथ (१७९९–१८३१) आणि जिम ब्रिजर (१८०४–८१) हे त्यांच्याच पदरी उदयास आले. १८२५ पासून ग्रीन नदीच्या खोऱ्यात व आसपास बहुधा दरवर्षी उन्हाळ्यात ‘राँदेव्हू’ नावाचा मेळा भरू लागला. तेथे कातडी देऊन दारूगोळा, शिसे, सापळे, तंबाखू, कॉफी व मद्य घेतले जाई. मालाचे भाव सेंट लूइसच्या कितीतरी पट असल्याने वर्षभराची कमाई थोड्याच दिवसांत संपे व अनेक सापळेकरी कर्जबाजारीच राहत. शेवटचा मेळा १८४० मध्ये भरला.

बंदूक व तिची भरणी : प्रारंभी पेनसिल्व्हेनियातील जर्मन वंशाच्या कारागिरांनी विकसित केलेली लांब नळीची चकमकीची बंदूक वापरात होती. घोड्यावरून नेण्यास सोयीची, आखूड, जाड नळीची व मोठ्या गोळीची बंदूक पुढे पसंत पडू लागली. सेंट लूइस येथील जेकब व सॅम्युएल हॉकेन या बंधूंच्या बंदुका याबाबतीत विशेष नावाजल्या. चकमकीच्या बंदुकीत चाप ओढताच घोड्यात बसविलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते, ठिणग्या वाटीतील रंजकावर पडतात आणि तो जाळ नळीच्या कानातून आतील दारूपर्यंत पोचतो. पावसात रंजक भिजल्यास बार उडत नसे. अलेक्झांडर फोरसाइथ याने १८०७ मध्ये आघाताने पेटणाऱ्या मिश्रणाचे एकस्व मिळविले. त्यातून निघालेल्या तांब्याच्या टोपीमुळे ही अडचण पुष्कळशी दूर झाली. तथापि डोंगरात टोप्या संपल्यास बंदूक निरुपयोगी ठरे, गारगोटी मात्र शोधता येई. त्यामुळे कित्येकांनी जुनी पद्धत सोडली नाही.

बंदुकीच्या काळ्या दारूत सोरा, कोळसा व गंधक यांचे प्रमाण सामान्यतः ७५ : १५ : १० असते. शिंगातील दारू प्रथम मापात घेऊन मगच नळीत ओततात. शिंगातून परस्पर ओतल्यास नळीत राहिलेल्या ठिणगीने संपूर्ण शिंगच उडण्याचा संभव असतो. त्यानंतर चरबी लावलेल्या चिंधीत नळीच्या व्यासाहून किंचित लहान अशी शिशाची गोळी गुंडाळून ती गजाने दारूपर्यंत ठासतात. नळीच्या आतील पेचदार आटे चिंधीला पकडतात व त्यायोगे गोळीला फिरकी मिळून तिचा नेम स्थिर राहतो. गोळी व दारू यांत पोकळी राहिल्यास नळी फुगण्याची वा फुटण्याची भीती असते. सु. १२·५ मिमी. व्यासाच्या गोळीचे वजन साधारणपणे ११·५ ग्रॅ. भरते, म्हणजे एक पौंड शिशातून सु. ४० गोळ्या निघतात. गोळ्या स्वतःच ओतावयाच्या असल्याने शिशाच्या प्रत्येक पौंडाचा हिशेब ठेवला जाई. दारूच्या जळीत मळीला ओल सुटून नळी गंजते, म्हणून ती वारंवार पाण्याने धुवावी लागे.

शिकारीचे तंत्र : चिंधीबंद गोळीची ही बंदूक पुन्हा भरण्यास सु. अर्धे ते एक मिनिट लागते. दुसऱ्या बाराची शाश्वती नसल्याने शिकारी वाऱ्याची दिशा पाहून, दडत व सरपटत, शक्य तेवढा जवळ जाई आणि दोन काठ्यांच्या फुलीवर नळी टेकवून नेम धरी. जनावर पडले तरी त्याच्याकडे जाण्यापूर्वी जागच्या जागी बंदूक पुन्हा भरणे हा पहिला दंडक होता. जखमी गवा किंवा करडे अस्वल यांच्यापुढे रिकामी बंदूक म्हणजे केवळ काठी होय. १८२३ मध्ये ह्यू ग्लास याला अस्वलाने फाडले. तो मरणारच असे समजून सोबती त्याची बंदूक घेऊन निघून गेले. तरीही तो सु. ३०० किमी. अंतर कसेबसे तुडवीत मिसूरी नदीवरील ठाण्यावर पोचला.

वनविद्या : या लोकांची बहुतेक कौशल्ये शोशोनी, क्रो, नेझ पर्स इ. अमेरिकन इंडियन जमातींकडून आलेली होती. अनेकांनी त्या जमातींतील स्त्रियांशी विवाह केले. कातडी ताणणे, कमावणे व वस्त्रे शिवणे ही कामे मुख्यत्वे या स्त्रियाच करीत. हरणाच्या कातड्याला मेंदू चोळून धुरी दिल्यास ते भिजून वाळल्यावरही मऊ राहते. त्याचे कपडे व मोकासिन ही पादत्राणे बनवीत. मांसाच्या पातळ पट्ट्या उन्हात वा मंद धगीवर वाळवीत, तर वाळलेले मांस कुटून त्यात चरबी व रानफळे मिसळून टिकाऊ पेमिकन तयार करीत. गारगोटी, पोलाद व जळके कापड यांनी विस्तव पेटवीत. वृक्षहीन मैदानात गव्याचे वाळलेले शेण इंधन म्हणून वापरीत. हिवाळ्यात गवत बर्फाखाली गेले की कॉटनवुड झाडाची साल घोड्यांना चारीत.

परिणाम : बीव्हरांचा संहार बंदुकीने झाला नाही. पोलादी सापळा थंड प्रवाहात काठाशी पाण्याखाली मांडून, काडीला बीव्हरच्याच ग्रंथींतील उग्र गंधाचा स्राव लावीत. सापडलेला प्राणी खोल पाण्याकडे धावे व सापळ्याच्या भाराने बुडून मरे. सापळ्याला पुन्हा भरणीची मर्यादा नव्हती आणि यूरोपातील फेल्टच्या टोप्यांची मागणी दूर अंतरावरून ओढ्यामागून ओढे रिकामे करीत होती. स्नेक नदीच्या प्रदेशात अमेरिकनांना येण्याचे कारणच उरू नये म्हणून हडसन्स बे कंपनीने १८२० नंतरच्या दशकात बीव्हरांचा हेतुपुरस्सर निःपात आरंभिला. पुढे रेशमी टोप्यांची चाल पडली आणि उरलासुरला धंदाही बसला. त्याच सुमारास, १८३७ मध्ये, व्यापारी कंपनीच्या आगबोटीतून मिसूरीच्या वरच्या खोऱ्यात आलेल्या देवीच्या साथीने मँडन जमात जवळजवळ नष्ट केली. बेकार झालेले सापळेकरी ओरेगनकडे निघालेल्या वसाहतवाल्यांचे वाटाडे बनले. बीव्हरांच्या बांधांमुळे साठणारे पाणी व तळी टिकविण्यासाठी विसाव्या शतकात त्यांचे पुनर्वसन हाती घेण्यात आले. आयडाहो राज्यात १९४८ मध्ये ७६ बीव्हर हवाई छत्र्यांनी दुर्गम भागात उतरविण्यात आले.

पुनरुज्जीवन : अमेरिकेत १९३३ मध्ये ठासणीच्या बंदुकांच्या हौशी मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. पुढे अनेक राज्यांनी या बंदुकीने हरणांची शिकार करण्यास स्वतंत्र हंगाम ठरवून दिले. पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या बंदुकीसाठी असा हंगाम आहे. शिकाऱ्याला एकच बार मिळावा व जनावराला निसटण्याची संधी राहावी, ही त्यामागील भूमिका होय. १९८५ च्या सुमारास टोपी नळीच्या अक्षरेषेत बसविलेल्या आधुनिक बंदुका बाजारात आल्या. त्यांचा पल्ला व अचूकता अधिक असल्याने या हंगामांचा हेतूच विफल होतो, असा आक्षेप घेतला जातो.

भारतात वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीस बंदी असून कायद्याने ठरविलेल्या अपवादांतच तीस मुभा आहे. कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्यावर बाळगलेल्या ठासणीच्या बंदुका आढळतात. मात्र बंदुकीचा परवाना हा शिकारीचा परवाना नव्हे. रॉकी पर्वतातील इतिहासावरून एवढे स्पष्ट होते की, हत्याराची मर्यादा शिकाऱ्याला संयम शिकविते, परंतु बाजाराला शिकवीत नाही. तो संयम कायद्यानेच घालावा लागतो.