पाणी पाक, पण पिण्याजोगे?

रंग, वास आणि चव बदललेली नसेल तर त्या पाण्याने आपण बिनदिक्कत वजू करतो. पिण्याच्या पाण्याला मात्र एवढी पारख पुरत नाही. नितळ पाण्यातही ई-कोलाय हा जंतू असू शकतो. तो सापडला की पाण्यात मैला मिसळला आहे असे समजावे. त्याचे काही प्रकार लेकरांना जुलाबाने बेजार करतात.

गावचा जलसुरक्षक नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. तिथे जंतू वाढवून पाहण्यात एक-दोन दिवस जातात. तोवर ते पाणी आपल्या पोटात गेलेले असते. ही वेळ वाचवण्याची एक वाट साखरेतून निघते, हे आमच्या हातकणंगल्यासारख्या उसाच्या मुलखात ऐकून नवल वाटेल.

ही चहातली साखर नव्हे. आपल्या शरीरातील पेशींवर निरनिराळ्या साखरांचे थर असतात. त्यांतली एक मॅनोज. ई-कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात, आणि त्यांच्या टोकाचे प्रथिन मॅनोजला पकडते. अशा रीतीने जंतू शरीरात चिकटून बसतो. शास्त्रज्ञांनी त्याची हीच खोड त्याच्यावर उलटवली. काचेवर किंवा बारीक कणांवर मॅनोज पक्के बसवले की जंतू तिथेच अडकतो. एका मॅनोजची पकड सैल असते. अनेक जवळजवळ बसवले की ती घट्ट होते. साखर नुसती पाण्यात विरघळवून हे काम होत नाही.

अमेरिकेतील संशोधकांनी २००७ मध्ये चुंबकीय कणांवर अशी साखर बसवली. ५ मिनिटांत ई-कोलाय ओळखता आला, आणि चुंबकाने कण ओढून घेतल्यावर ८८ टक्क्यांपर्यंत जंतू बाहेर निघाले. आपल्याकडे पुण्याच्या आयसर संस्थेत डॉ. राघवेंद्र किक्केरी यांचा गट साखरांच्या रसायनावर काम करतो.

पण ८८ म्हणजे १०० नव्हे. शिवाय प्रत्येक रोगजंतू मॅनोजला भुलत नाही. २०१२ मध्ये आपल्याच तालुक्यातील इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. तिच्यामागे हेपटायटिस ई हा विषाणू होता. दूषित पाण्यातून तो घराघरांत पोहोचला. मॅनोजच्या सापळ्यात तो सापडणारा नाही. उकळीपुढे मात्र दोघांचेही चालत नाही.

म्हणून ही नवी तपासणी गावोगावी येईल तेव्हा येवो, घरातला इलाज आजच आपल्या हातात आहे. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यावी, मिनिटभर तशीच ठेवावी. निवलेले पाणी झाकून ठेवावे, आणि भांड्यात हात न बुडवता ओगराळ्याने घ्यावे. गढूळ पाणी आले किंवा गल्लीत जुलाब-काविळीचे रुग्ण दिसले, तर ग्रामपंचायतीला आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवावे.

तहारतीची सवय आपल्याला लहानपणापासून आहे. तीच काळजी पाण्याच्या घागरीपर्यंत नेली, तर इन्शाअल्लाह आपली लेकरे सुखरूप राहतील.