पासंग आणि कणशोधक

तराजूची पारडी रिकामी असतानाच दांडी एका बाजूस कलत असेल, तर जाणता दुकानदार हलक्या बाजूस लहानसा दगड बांधून ती समतोल करतो. यालाच पासंग म्हणतात. पासंग माल तोलण्यापूर्वी पाहावयाचा असतो. माल पारड्यात पडल्यावर बांधलेला पासंग ही लबाडी ठरते. मिरजगावच्या बाजारातील लहानथोरांस कळणारा हा नियम आधुनिक भौतिकशास्त्रातील अत्यंत नाजूक उपकरणांनाही लागू आहे. आमच्या विद्यार्थ्यांसाठी तो आम्ही येथे उलगडून सांगत आहोत.

अवकाशातून येणारे विश्वकिरण हवेच्या अणुकेंद्रांवर आदळले की अनेक सूक्ष्म कण निर्माण होतात. त्यांपैकी म्यूऑन हे कण जमिनीपर्यंत पोहोचतात. आपल्या पसरलेल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक म्यूऑन आरपार जातो. डॉ. होमी भाभा यांनी १९४५ साली स्थापन केलेली टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे मुंबईची टी.आय.एफ.आर., तमिळनाडूतील उटी येथे 'ग्रेप्स-३' हा प्रयोग चालविते. तेथे ५६० चौरस मीटर क्षेत्रावर वायूने भरलेल्या ३,७१२ नळ्या चार थरांत मांडल्या असून त्या दिवसाला सुमारे ४ अब्ज म्यूऑन मोजतात.

मात्र मोजलेला आकडा जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. हवेचा दाब वाढला की म्यूऑनांना अधिक हवा पार करावी लागते आणि त्यांची संख्या घटते. दाबाच्या एका हेक्टोपास्कलमागे ही घट हजारात सुमारे एक इतकी असते. शिवाय काळ जाईल तशी नळ्यांची व विद्युतमंडलांची कार्यक्षमताही थोडीथोडी बदलते. असे बदल ओळखून आकडा सुधारण्यास अंशशोधन म्हणतात.

हा पासंग ठरवावयाचा कसा? उष्ण कटिबंधात हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो. म्यूऑनांच्या संख्येत हीच बारा तासांची लय शोधून उटीच्या शास्त्रज्ञांनी दाबाचा परिणाम निश्चित केला. नळ्यांचे सोळा स्वतंत्र विभाग आहेत, त्यांचाही उपयोग होतो. एकाच विभागाचा आकडा घसरला तर संशय उपकरणावर घ्यावा. सर्वांचा एकदम घसरला तर कारण आकाशात शोधावे.

या शिस्तीचे फळ १ डिसेंबर २०१४ रोजी मिळाले. उटीवर आलेल्या गडगडाटी वादळात सुमारे १८ मिनिटे म्यूऑनांच्या संख्येत बदल दिसला. हा दोष समजून आकडा 'सुधारला' असता तर सारे हातचे गेले असते. दिशावार तपासणी करून शास्त्रज्ञांनी दाखविले की मेघातील विद्युत्क्षेत्र म्यूऑनांची ऊर्जा बदलत होते. त्यावरून मेघातील विद्युतदाब सुमारे १३० कोटी व्होल्ट निघाला. हे संशोधन २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

याउलट २०११ साली युरोपातील 'ऑपेरा' प्रयोगात न्यूट्रिनो हे कण प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोहोचल्याचे दिसले. शास्त्रज्ञांनी निष्कर्ष जगापुढे ठेवून तपासणीचे आवाहन केले. २०१२ मध्ये प्रकाशतंतूच्या केबलची एक जोडणी नीट बसलेली नसल्याचे आढळले. उत्तर अविश्वसनीय होते म्हणूनच शोध झाला. परंतु तीच सैल जोडणी अपेक्षित उत्तर देत असती, तर ती कोणी तपासली असती? या धोक्यामुळेच अनेक प्रयोगांत सर्व दुरुस्त्या निश्चित होईपर्यंत अंतिम उत्तर संशोधकांपासूनही झाकून ठेवतात.

आमच्या प्रयोगशाळेतील साध्या लंबकालाही हीच शिस्त हवी. गुरुत्वत्वरण ९.८ यावे म्हणून वहीतील आकडा खोडणे हा गिऱ्हाईक पाहून बांधलेला पासंग होय. उत्तर ९.३ आले तर तेच लिहावे. मग दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली होती का, दोलने मोजण्यास शून्यापासून आरंभ केला होता का, हे पाहावे. आणि ९.८ आले, तरी हेच प्रश्न तितक्याच कसोशीने विचारावेत. विद्यार्थ्यांनी येथून अन्य काही नेले नाही, तरी एवढी सवय सोबत न्यावी, अशी आमची इच्छा आहे.