समजून घ्या : मुलाचा पुढचा दात येतच नाही? सहा महिन्यांचा हिशेब ठेवा

रत्नागिरी : दुधाचा दात पडला, कौलांवर फेकला, उंदीरमामाकडे नवा दात मागूनही झाला. शेजारचा दात आला, पण या जागी महिने उलटले तरी हिरडी रिकामीच. दुखत नाही, म्हणून ‘येईल हळूहळू’ म्हणत घरात वाट पाहिली जाते. बहुतेकदा दात येतोही. काही मुलांत मात्र तो जबड्यात अडकलेला असतो आणि वाट पाहण्यात गेलेला वेळच उपचार लांबवतो.

कोणत्या खुणा पाहायच्या?

खालचे मधले दोन दात साधारण ६ ते ७, वरचे मधले दोन ७ ते ८ आणि त्यांच्या बाजूचे ८ ते ९ व्या वर्षी येतात. थोडे मागेपुढे होतेच. त्यामुळे नुसत्या वयापेक्षा या तीन खुणा उपयोगी :

- वरच्या मधल्या दोनपैकी एक दात येऊन सहा महिने झाले, दुसरा नाही.
- खालचे दात येऊन वर्ष झाले, वरचे दोन्ही नाहीत.
- मधल्या दाताआधी बाजूचा आला.

यातील एकही खूण दिसली तर दंतवैद्यांना दाखवावे.

दात अडकतो कशामुळे?

नेहमीचे कारण म्हणजे वाटेत असलेला जादा दात. तो हिरडीखाली असल्याने दिसत नाही. दुसरे कारण जुना मार. लहानपणी तोंडावर पडल्यास दुधाचा दात आत दबतो आणि वर तयार होत असलेल्या पक्क्या दाताचे मूळ वाकडे वाढू शकते. जागा अपुरी असणे किंवा दुधाचा दात वेळेत न पडणे, हीही कारणे आहेत. म्हणून जुना अपघात डॉक्टरांना जरूर सांगावा.

उपचार काय?

आधी एक्स-रे. दाताची नेमकी जागा कळत नसेल तरच थ्रीडी स्कॅन, कारण त्यात किरणोत्सर्ग जास्त असतो. मग अडथळा काढतात आणि जागा कमी असल्यास ती करून देतात. त्यानंतर अनेक मुलांत दात आपणहून खाली येतो. त्याला काही महिने ते दीड वर्ष लागू शकते. तसे न झाल्यास हिरडी उघडून दातावर छोटे बटण चिकटवतात आणि तारांच्या साह्याने तो हळूहळू ओढून घेतात.

वय महत्त्वाचे का?

मूळ अपूर्ण असताना दात आपणहून येण्याची शक्यता जास्त असते. वरच्या मधल्या दाताचे मूळ साधारण १० व्या वर्षी पूर्ण होते. शिवाय उशीर झाला की शेजारचे दात रिकाम्या जागेत कलंडतात. आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक बाजू आहे. तारा लावल्या की साधारण दर महिन्याला तपासणीला जावे लागते. राजापूर-लांज्याच्या गावातून दर खेपेला शाळा, मजुरी आणि एसटीचा प्रवास जुळवणे सोपे नाही. वेळेत दाखवले तर काही मुलांचे काम ताराविना भागते.

दाखवायचे कुठे?

सुरुवात जवळच्या दंतवैद्यांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात करता येईल. पुढे बालदंतरोगतज्ज्ञ आणि ऑर्थोडॉन्टिस्ट लागतात. जिल्ह्यात खेडला योगिता डेंटल कॉलेज आहे. मुंबईत सीएसएमटीजवळ शासकीय दंत महाविद्यालय, तर मुंबई सेंट्रलला नायर दंत रुग्णालय आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, तेव्हा न आलेल्या दाताबद्दल आवर्जून विचारावे.

आजपासून काय कराल?

पुढचा पहिला पक्का दात दिसला की मोबाइलवर फोटो काढून ठेवा; त्यासोबत तारीख राहतेच. सहा महिन्यांनी तो फोटो उघडा. जोडीचा दात तोवर आला नसेल, तर वाट पाहणे थांबवून दवाखाना गाठा.