विमानतळावरील अवचित मेळे

शेंदोनशें माणसें एखाद्या गजबजलेल्या ठिकाणीं निरनिराळ्या वाटांनीं येतात, इतर लोकांत मिसळून उभीं राहतात आणि ठरल्या क्षणीं एकदम नाचूं किंवा गाऊं लागतात. पांचसात मिनिटें हा प्रकार चालतो. मग जणूं कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटानें तीं पांगतात. इंग्रजींत याला ‘फ्लॅश मॉब’ असें नांव आहे. मराठींत त्यास अवचित मेळा म्हणतां येईल. असा मेळा बाजारांत भरला तर लोक कौतुकानें पाहतात. रेल्वे स्थानकांत भरला तर थोडी अडचण सोसूनहि पाहतात. परंतु विमानतळावर त्याला जागा असावी कीं नसावी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

या प्रकाराचा उगम अलीकडचा आहे. १७ जून २००३ रोजीं न्यूयॉर्क येथील मेसीज या प्रचंड दुकानाच्या नवव्या मजल्यावर शंभराहून अधिक माणसें एका गालिच्याभोंवतीं जमलीं. विक्रेत्यांनीं विचारपूस केली तेव्हां, आपण सर्वजण शहराबाहेरच्या एका वखारींत एकत्र राहतों आणि सर्वांना मिळून हा गालिचा हवा आहे, असें ठरलेलें उत्तर त्यांना मिळालें. थोड्याच वेळांत सारी मंडळी निघून गेली. ही योजना ‘हार्पर्स’ मासिकाच्या संपादकवर्गांतील बिल वॅसिक यांची होती, आणि निरोप ई-मेलनें फिरले होते. त्यापूर्वींचा त्यांचा पहिला बेत मात्र फसला होता. कारण पोलिसांना त्याचा आधींच सुगावा लागला होता. सुगावा लागला म्हणजे मेळा फसला, हें या प्रकाराच्या स्वभावांतच आहे. आणि विमानतळाशीं त्याचें वांकडें येतें तें नेमकें येथेंच.

हें लोण मुंबईस पोंचण्यास फार काळ लागला नाहीं. ऑक्टोबर २००३ मध्यें हाजी अलीजवळील क्रॉसरोड्स या बाजारसंकुलांत सुमारें साठ जणांची मंडळी जमली, तिनें शेअरबाजारांतल्यासारखा गलका केला, गरबा खेळला आणि शेवटीं छत्र्या उघडून ती चालती झाली. त्यानंतर अशा मेळ्यांना पोलिसांनीं मनाई केली. पुढें २७ नोव्हेंबर २०११ रोजीं त्याच मुंबईंत छत्रपति शिवाजी टर्मिनस या स्थानकांत सुमारें दोनशें जणांनीं ‘रंग दे बसंती’ या चित्रपटांतील गाण्यावर नृत्य केलें. तीन वर्षांपूर्वीं, २६ नोव्हेंबर २००८ रोजीं, याच स्थानकांत निरपराध उतारूंवर गोळ्यांचा वर्षाव झाला होता. ज्या फरशीवर रक्त सांडलें तेथें तरुण पावलें नाचलीं, याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागला नाहीं. पाहणाऱ्यांना तें अवचित होतें. रेल्वेची परवानगी मात्र आधींच घेतलेली होती. म्हणजे सार्वजनिक जागेंतील असा मेळा हा केवळ पोरखेळ असतो असें नव्हे. आपलें शहर आपलेंच आहे, ही जाणीव तो क्षणभर जागी करतो.

तथापि एका मेळ्याचें यश दुसऱ्याच्या अनर्थास कसें कारण होतें, हें लंडनमध्यें दिसून आलें. १५ जानेवारी २००९ रोजीं तेथील लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकांत एका टेलिफोन कंपनीनें जाहिरातीसाठीं शेंकडों नर्तकांकडून नृत्य करविलें. त्याची तालीम झाली होती व व्यवस्थाहि चोख होती. परंतु तें चित्रण पाहून अवघ्या तीन आठवड्यांत तसाच मेळा भरविण्याचें आवाहन फेसबुकवरून निघालें, हजारों लोक लोटले आणि स्थानक कांहीं वेळ बंद ठेवावें लागलें. पहिल्या प्रसंगीं माणसें किती येणार हें ठाऊक होतें. दुसऱ्या प्रसंगीं तें कोणासच ठाऊक नव्हतें.

आतां विमानतळाकडे वळावें. बाजार आणि विमानतळ यांत मुख्य भेद हा, कीं बाजारांत माणूस रेंगाळण्यासाठींच जातो, आणि विमानतळावर तो एका दारांतून दुसऱ्या दारांत जाण्यासाठीं येतो. मुंबईच्या विमानतळावरून २०२३-२४ या एका वर्षांत पांच कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा झाली. एवढा ओघ वाहता राहतो तो प्रत्येक टप्प्यावरील रांग सरकत राहते म्हणून. सामान देण्याची जागा, तपासणीची जागा, सरकते जिने, यांपैकीं कोठेंहि शंभर माणसें थबकलीं, तर मागून येणाऱ्यांना तें कळत नाहीं आणि तीं येतच राहतात. २९ सप्टेंबर २०१७ रोजीं एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर पावसामुळें लोक जिन्यावर थांबून राहिले, खालून गाड्यांतील माणसें येतच राहिलीं आणि चेंगराचेंगरींत २३ जणांचे प्राण गेले. तेथें नाच नव्हता, गाणें नव्हतें. गर्दी नुसती थांबली होती. अरुंद वाटेवर थांबलेली गर्दी किती घातक होते, याचा हा धडा आहे.

दुसरी गोष्ट संरक्षणाची. विमानतळावरील पहारेकऱ्यास कोणत्या गोष्टी हेरण्यास शिकविलेलें असतें? परस्परांना ओळखत नसल्याचें सोंग करणारीं माणसें, एका खुणेसरशी होणारी हालचाल, आणि मालक जवळ नसलेली पिशवी. अवचित मेळ्यांत या तिन्ही गोष्टी हटकून असतात. कारण नाचणारा आपली पिशवी हातांत घेऊन नाचत नाहीं. शिवाय सर्वांच्या नजरा एका बाजूस वळल्या म्हणजे दुसरी बाजू उघडी पडते. जानेवारी २०११ मध्यें मॉस्कोच्या डोमोडेडोवो विमानतळावर आणि मार्च २०१६ मध्यें ब्रसेल्स येथें स्फोट झाले, ते तपासणीच्या अलीकडे, जेथें माणसें दाटीनें उभीं असतात अशाच जागीं झाले. तेव्हांपासून दाटी होऊं न देणें हाच संरक्षणाचा एक भाग मानला जातो.

प्रत्यक्ष घातपात नसला तरी भीति पुरते. १४ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर गोळीबार झाल्याची हूल उठली. माणसें बाकांखालीं लपलीं, धांवत सुटलीं, कांहीं तर थेट विमानांच्या मैदानावर गेलीं. शोधाअंतीं एकहि गोळी सुटली नसल्याचें निष्पन्न झालें. त्या वेळीं ऑलिंपिकमध्यें उसेन बोल्टनें शंभर मीटरची शर्यत जिंकली होती. दूरचित्रवाणीवर ती पाहणाऱ्यांनीं केलेला जल्लोष कोणास तरी गोळीबारासारखा ऐकूं आला असावा, असें सांगण्यांत आलें. जेथें आनंदाच्या टाळ्यांनीं पळापळ होऊं शकते, तेथें अकस्मात् शंभर कंठांतून निघालेली आरोळी काय करील, याचा विचार केलाच पाहिजे.

तिसरी गोष्ट सहसा बोलली जात नाहीं. ती प्रेक्षकाच्या संमतीची आहे. रस्त्यावरचा खेळ न रुचणारा माणूस पुढें निघून जातो. तपासणी ओलांडून आंत बसलेल्या प्रवाशास तसें जातां येत नाहीं. त्या दालनांत कोणी मुलाच्या लग्नास निघालेला असतो, तसा कोणी वडिलांच्या अंत्यविधीसहि निघालेला असतो. पहिल्याला ढोलकीचा ठेका गोड वाटेल; दुसऱ्यास तो कसा वाटेल? त्यांत पुन्हां असे पुष्कळ मेळे जाहिरातीसाठीं भरविलेले असतात. मग प्रवासी नुसता प्रेक्षक राहत नाहीं. त्याचें आश्चर्य, त्याचें हसूं, कधीं त्याचे अश्रूहि कॅमेऱ्यांत टिपून विकले जातात, आणि त्यास कोणी विचारीतहि नाहीं.

इतकें असूनहि विमानतळावर असा मेळा कधींच भरूं नये, असा निष्कर्ष काढणें घाईचें होईल. ऑक्टोबर २०१० मध्यें लंडनच्या हीथ्रो विमानतळावर, परदेशांतून परतलेल्या प्रवाशांचें स्वागत वाद्यांवांचून गाणाऱ्या गायकांच्या मेळ्यानें केलें. तीहि जाहिरातच होती. परंतु जागा योग्य निवडली होती. आगमनाच्या दालनांत कोणाचें विमान चुकत नाहीं, तेथें माणसें मुळांत भेटीसाठींच उभीं असतात, आणि गाण्यास वाद्यांचा गोंगाट नव्हता. आपल्याकडेहि २०२२ च्या नवरात्रांत बेंगळूरच्या विमानतळावर प्रवासी व कर्मचारी मिळून गरबा खेळले. भारतांत टर्मिनलच्या दारांतच तिकीट व ओळखपत्र पाहून प्रवेश मिळतो. त्यामुळें बाहेरचा जमाव आंत लोटण्याची धास्ती येथें युरोपांतल्यापेक्षां कमी आहे. असा मेळा येथें भरला तर तो बहुधा प्रवाशांचा व कर्मचाऱ्यांचाच असणार.

या सर्वांवरून एक कसोटी हातीं लागते. अवचितपणाचे दोन भाग करावे : प्रवाशांना तो अवचित असावा, पण विमानतळाच्या व्यवस्थापकांस व पहारेकऱ्यांस नसावा. माणसांची संख्या, त्यांचीं नांवें, जागा आणि वेळ हीं आधीं ठरलेलीं असावींत. जागा वाटेवरची नसून वाटेच्या कडेची असावी. पिशव्या एखाद्या माणसाच्या नजरेखालीं असाव्या. ढोलताशा, फटाक्यासारखे आवाज व मुखवटे नसावे. ज्यांना ऐकावयाचें नाहीं त्यांना दूर बसण्यास जागा असावी, आणि चांकाच्या खुर्चीची वाट क्षणभरहि अडूं नये.

यावर कोणी म्हणेल, कीं परवानगी घेतली म्हणजे मेळ्याचा प्राणच गेला. परंतु छत्रपति शिवाजी टर्मिनसवरील नृत्य परवानगीनेंच झालें होतें, आणि त्यामुळें पाहणाऱ्यांचा आनंद तिळभरहि कमी झाला नाहीं. उलट, परवानगीवांचून भरणाऱ्या मेळ्यांपैकीं एकाला वाट मोकळी करून दिली, तर दुसऱ्याला ती कोणत्या न्यायानें नाकारावयाची, हा पेंच उभा राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्यें हाँगकाँगच्या विमानतळाचीं दालनें निदर्शकांनीं भरून गेलीं, शेंकडों उड्डाणें रद्द झालीं आणि शेवटीं न्यायालयाचा मनाईहुकूम घ्यावा लागला. त्यांचें गाऱ्हाणें खरें कीं खोटें हा वेगळा प्रश्न. खोळंबलेल्या प्रवाशाची स्थिति दोन्हीकडे एकच. म्हणून नियम नाचणाऱ्याचा हेतु पाहून नव्हे, तर अडणारी वाट पाहूनच केला पाहिजे.

बाजाराचा चौक सर्वांचा असतो. विमानतळाचें दालनहि सर्वांचें असतें, पण तें घाईत असलेल्या, थकलेल्या व कांहींशा भ्यालेल्या सर्वांचें असतें. तेथें आनंद आणणाऱ्यानें पाहुण्याप्रमाणें यावें : यजमानास कळवून यावें, थोडाच वेळ थांबावें आणि निघतांना कोणाची वाट अडविलेली नसावी.