कंट्रोल-सी दाबूनही कॉपी होत नाही तेव्हा

गूगल डॉक्समध्ये कंट्रोल आणि सी दाबूनही मजकूर कॉपी होत नाही, तेव्हा कीबोर्ड क्वचितच बिघडलेला असतो. दाबलेली कळ आधी विंडोजकडे जाते, तिथून क्रोम किंवा फायरफॉक्सकडे आणि शेवटी डॉक्सकडे. वाटेत कोणी ती अडवली किंवा तिचा भलताच अर्थ लावला, की शॉर्टकट निकामी होतो. आधी तीच कळ नोटपॅडमध्ये दाबून पाहावी. तिथेही ढिम्म असेल तर कंट्रोलची कळ धुळीने अडकलेली असण्याची शक्यता मोठी. नोटपॅडमध्ये चालत असेल तर दोष पुढे कुठेतरी आहे.

मराठीत लिहिणाऱ्याने पहिला संशय भाषेवर घ्यावा. इनस्क्रिप्ट मांडणीत सीच्या कळीवर म, व्हीवर न आणि बीवर व असतो. रेमिंग्टनमध्ये त्याच सीवर ब. विंडोजच्या स्वतःच्या मांडण्या कळीची मूळ ओळख सहसा जपतात. काही लिनक्स संगणक आणि टायपिंगची काही सॉफ्टवेअरे मात्र ब्राउझरला थेट ‘म’ कळवतात, आणि कंट्रोल-म नावाचा शॉर्टकट डॉक्सला ठाऊक नसतो. जालना, अंबड, परतूरकडे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टवर वर्षानुवर्षे ठराव आणि अर्ज टाइप केलेल्यांना ही अडचण नवी वाटते, त्यालाही कारण आहे. त्या फॉन्टमध्ये संगणकाच्या लेखी अक्षरे इंग्रजीच असतात, फक्त पडद्यावर मराठी दिसतात. त्यामुळे शॉर्टकट बिनबोभाट चालतात. (तोच मजकूर डॉक्समध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते, हे त्या सोयीचे दुसरे अंग.) उपाय सोपा: विंडोजची कळ आणि स्पेसबार दाबून भाषा इंग्रजी करावी, शॉर्टकट वापरावा, पुन्हा मराठीवर यावे.

कंट्रोल आणि ऑल्ट एकत्र लागणारे शॉर्टकट जास्त दगा देतात. डॉक्समध्ये मोठे शीर्षक कंट्रोल-ऑल्ट-१ने होते. पण विंडोज ही जोडी उजव्या ऑल्टसारखी धरते आणि काही मांडण्यांत तिच्यावर वेगळे चिन्ह बसवलेले असते. मग शीर्षकाऐवजी ते चिन्ह उमटते. इथेही भाषा बदलणे हाच मार्ग.

भाषा इंग्रजी असूनही अडत असेल तर ब्राउझरमधली एक्स्टेन्शन तपासावीत. व्याकरण सुधारणारी किंवा पडद्याचा फोटो घेणारी एक्स्टेन्शन कळा स्वतःकडे ओढू शकतात. कंट्रोल-शिफ्ट-एनने क्रोमची इन्कॉग्निटो खिडकी उघडून फाइल तिथे पाहावी. वेगळी परवानगी दिलेली नसेल तर एक्स्टेन्शन तिथे बंद असतात. तिथे शॉर्टकट चालला, तर एकेक एक्स्टेन्शन बंद करत दोषी शोधता येते. कंट्रोल-डब्ल्यूसारख्या काही जोड्या मात्र ब्राउझर स्वतःसाठीच राखून ठेवतो. त्या डॉक्सला मिळण्याची आशा नको. दाबल्या तर टॅबच बंद होईल. डॉक्समधल्या सगळ्या शॉर्टकटची यादी कंट्रोल आणि तिरकी रेघ दाबल्यावर दिसते.

एक कारण फारसे कोणाच्या ध्यानात येत नाही: परवानगी. व्हॉट्सअॅपवर आलेल्या दुव्यातून उघडलेली फाइल पुष्कळदा फक्त पाहण्यापुरती असते. तिच्यात कंट्रोल-बीने अक्षर ठळक होत नाही. मालकाने पाहणाऱ्यांसाठी कॉपी आणि छपाई बंद ठेवली असेल तर कंट्रोल-सीसुद्धा मुका राहतो. अशा वेळी संगणकाशी झटापट करण्यापेक्षा मालकाकडे संपादनाची परवानगी मागावी.